मागून येणारी हाक

खवला बरोबर मधोमध चिकटला होता, फोनच्या काचेवर, जिथे कोणाचा फोन येऊन गेला ते दिसतं नेमका तिथेच — नखाएवढा, पातळ, कडेला किंचित गुलाबी — आणि संध्या तो खरवडता खरवडता मनात म्हणत होती की ह्याच्याखाली असेल, हा निघाला की दिसेल, दर्शना मॅडमचा फोन, मी मांदेली उलटवत होते तेव्हा येऊन गेलेला, उन्हाच्या तावात ऐकू न आलेला... खवला निघाला. खाली काहीच नव्हतं. वेळ होती, तारीख होती, आणि भाविकाने लावून ठेवलेला संध्याचाच फोटो, ज्यात ती लिलावात कोणावर तरी ओरडत होती आणि तिचं तोंड एवढं मोठं उघडलं होतं की आतल्या पडलेल्या दाढेची जागासुद्धा दिसत होती. बदल गो तो फोटो, असं ती रोज म्हणायची, आणि रोज एकदा तरी तो बघून हसायची.

येईल. कुठे जातोय. फोन तिने कमरेला खोचला आणि जाळ्यावर सुकत घातलेली मांदेली पुन्हा हाताने पसरायला घेतली, जी खरं तर आता पसरायची गरज नव्हती, पण हाताला काहीतरी हवं असतं, नाहीतर हात फोनकडेच जातो.

आजवर मागून हाक आली नाही असं झालेलंच नव्हतं. गिऱ्हाईक पाटीपाशी येतं, मासा उचलतं, कल्ला उघडून आत बघतं जणू काही आत त्याची हरवलेली अंगठी आहे, भाव विचारतं, भाव ऐकून असं तोंड करतं की सात पिढ्यांचा अपमान झाला, मग अर्ध्यावर मागतं. आपण घाटाकडे बघत बसतो. ते उठतं, साडी झटकतं, चालायला लागतं — आणि त्याची पाठ दिसली की मग खरी गंमत सुरू होते. थोडं जाऊ द्यायचं. फार नाही, थोडंच. आणि मग हाक मारायची, ‘ओ ताई, या मागं, बोला कितीला नेता?’ त्या ताईला ठाऊक असतं की हाक येणार, आपल्याला ठाऊक असतं की ती तिची वाट बघत मुद्दाम हळू चाललीय, आणि हे दोघींना ठाऊक आहे हेही दोघींना ठाऊक असतं. विकताना तसं, तसंच घेताना. घरातलं लोखंडी कपाट, भाविकाची सायकल, दिवाळीच्या साड्या, दापोलीच्या बाजारातून आणलेला मिक्सर — सगळं संध्याने पाठ फिरवून घेतलं होतं. नवरासुद्धा, असं दीपेश म्हणायचा. कारण लग्नाची बोलणी मोडली म्हणून तिचा बाप उठून थेट रिक्षात जाऊन बसला होता आणि दीपेशचा काका अनवाणी धावत त्याला बोलवायला आला होता. बाप रिक्षात बसून मिशीत हसत होता. रिक्षावाल्याने अजून रिक्षा चालूदेखील केली नव्हती.

तर आज सकाळी तिने दर्शना मॅडमना पाठ दाखवली. फोनवर पाठ कशी दाखवणार? फोन ठेवला की झालं. मॅडम म्हणत होत्या, ‘ताई, फी कमी करणं आम्हाला खरंच जमणार नाही, पण...’ आणि ह्या ‘पण’वरच तिने अगदी बेतून, कसबाने, फोन ठेवला. ‘पण’ म्हणजे समोरचा सैल झाला. ह्याच्यापुढे ऐकून घेणारी बाई कच्ची.

पैसे नव्हते असं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर सुकी मासळी चांगली गेली होती आणि दीपेश बोटीवर जाताना बोलून गेला होता, ‘पोरीला जे हवं ते घे, मला त्यातलं काय कळत नाय, भाव तुला कळतो.’ तो परवा गेला तो अजून समुद्रात होता, फोनच्या पलीकडे. भाव तुला कळतो... ह्या तीन शब्दांवर संध्या परवापासून जरा उंच होऊन चालत होती. आणि भाव कळणाऱ्या बाईने सांगितलेल्या किमतीला वस्तू उचलायची म्हणजे काय? त्यात विकणाऱ्याचाही अपमानच की. त्याला वाटतं, आणखी सांगितले असते तर बरं झालं असतं, आणि मग बिचारा रात्रभर झोपत नाही.

भाविकाची अकरावी संपली होती. सुट्टीत घरबसल्या, फोनवरून, शाळा-कॉलेजच्या मुलांना संशोधन शिकवतात, फी घेऊन, असं तिला कुठूनतरी कळलं आणि तिने असे पंधरा-वीस वर्ग शोधून, त्यातले बाकीचे टाकून, दोन आईपुढे ठेवले होते, लिलावातले दोन ढीग ठेवावेत तसे. त्यांची खरी नावं लांबलचक होती, म्हणून घरात त्यांना मोठीवाली आणि छोटीवाली म्हणायचे. मोठीवालीत परदेशातले सर, शेवटी छापील पेपरवर नाव हमखास, आणि एक सोनेरी काठाचं सर्टिफिकेट. छोटीवालीत काहीच नाही. तीन माणसं मिळून चालवतात, एका मॅडमकडे दोनच मुलं, आणि प्रश्न मुलाने स्वतःचा आणायचा. मला आधी मोठीवालीच आवडली होती, खोटं कशाला बोलू. सोनेरी काठ, दारासमोरच्या भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला आधी तोच दिसला असता.

आणि मग मागच्या रविवारी भाविका ओटीवर बसून दर्शना मॅडमशी फोनवर बोलत होती, समोर तोंड दिसणारा फोन, आणि संध्या आत भाकरी थापत होती, ऐकत नव्हती, म्हणजे ऐकतच होती.

‘मॅडम, आमच्याकडे लिलावाला घारी येतात,’ भाविका म्हणाली. ‘खूप येतात. पण होड्या दिसायच्या आधीच येऊन बसतात. आता एक जूनला मासेमारी बंद होईल. लिलाव बंद. मग त्या दिवशी पण येतील का? येऊन वाट बघतील? आणि किती दिवस येत राहतील... म्हणजे त्यांना कधी कळेल, की आता काही नाही?’

संध्याच्या हातात भाकरी तशीच. तिला वाटलं, झालं, हसतील आता पोरीला. आणि मॅडम हसल्याच, पण ते हसणं काही वेगळंच होतं, लहान पोराच्या हातावर गोळी ठेवल्यावर ते हसतं तसं.

‘मला नाही माहीत,’ मॅडम म्हणाल्या. ‘भाविका, मला अजिबात माहीत नाही! बघूया आपण?’

नाही माहीत. एवढी शिकलेली बाई, आणि ‘मला नाही माहीत’ असं म्हणाली, आणि इतक्या आनंदाने म्हणाली... संध्याची भाकरी त्या दिवशी एका बाजूने करपली. पुढे मॅडमनी सांगून टाकलं होतं की कदाचित शेवटी काहीच हाती लागणार नाही, तीही तयारी ठेव. असं कोण सांगतं? आपण कधी सांगतो का की बाई, सुरमई ने, पण कदाचित ती चवीला चांगली लागणार नाही? तेव्हापासून, म्हणजे रविवारपासून, छोटीवाली घ्यायची हे ठरलेलंच होतं. मनात ठरलेलं होतं. तोंडाने अर्ध्यावर मागायचं तेवढं राहिलं होतं.

फोन वाजला. कमरेत थरथरला, आणि संध्याने तो काढताना अर्धी मांदेली पायाने उधळली — आली हाक! बघ, आली! — आणि काचेवर नाव अजिंक्यचं होतं.

‘नमस्कार ताई! मग, भाविकाचं काय ठरलं?’

हा मोठीवालीकडून बोलणारा मुलगा. काल त्याने फोन केला होता, परवाही. संध्याला तो आवडायचा, आवाजात गूळ होता, आणि बिचारा दर वेळी आपणहून फी थोडी खाली आणायचा, तिने काही म्हणायच्या आधीच. हीच तर अडचण होती. ह्याच्याकडे पाठ फिरवायला जागाच नाही, आपण वळतो तोवर हा वळसा घालून पुन्हा समोर.

‘दादा, पोरीला विषय काय देणार तुम्ही?’

‘विषयांची चिंताच करू नका ताई. सगळे तयार आहेत. शहरातली वाहतूक घ्या, मॉलमधली खरेदी घ्या, सध्या फार चालतात. माहितीसुद्धा आम्हीच देतो. तिला फक्त बसायचंय.’

‘आणि घारी?’

‘काय ताई? आवाज कट होतोय.’

‘काय नाय. ठेवते दादा, मांदेली उधळली.’

वाहतूक. भाविकाने वाहतूक पाहिली ती पुळणीवर, दोन बैलगाड्या आणि एक बर्फाचा टेम्पो समोरासमोर आले आणि कोणीच मागे सरेना ती. संध्या एकटीच हसली आणि मांदेली गोळा करू लागली. पण हसताना आत कुठेतरी काहीतरी खुपलं, घशात काटा अडकला की गिळताना जाणवतो तेवढंच... दर्शना मॅडम अजून का बोलावत नाहीत? सकाळ गेली, जेवण झालं, ऊन कलंडलं. थोडं जाऊ द्यायचं असतं, पण एवढं नाही. एवढं जाऊ दिलं तर गिऱ्हाईक घरी पोचतं.

भाविका आली ती कैरी चावत, तोंड उन्हाने तांबडं, केसांत वाळू. आल्या आल्या म्हणाली, ‘आये, झाला काय गो फोन मॅडमना?’

‘झाला.’

‘मग? घेतली जागा?’

‘घेतल्यातच जमा हाय. अर्ध्यात देता काय विचारलं, नाय म्हणाल्या. मग मी ठेवला. करतील आता.’

भाविका कैरी चावायची थांबली. ‘ठेवला? तू फोन ठेवलास?’

‘मग काय, ऐकत बसू? ठेवल्याशिवाय भाव उतरतो काय?’

संध्याला वाटलं, आता रडणार. पण पोरगी हसायलाच लागली, पोट धरून, कैरीचं पाणी हनुवटीवरून गळतंय आणि ही हसतेय, आणि मग हसता हसता हळूच थांबली. ‘आये,’ ती म्हणाली, ‘त्या करणार नाय. त्यांना वाटंल, आपल्याला नको हाय.’

‘नको असतं तर विचारलं असतं कशाला मी?’

‘त्यांना नाय कळत ता. त्यांच्यात फोन ठेवला की संपलं. आणि आज शेवटचा दिवस हाय, दिवे लागले की बंद. मॅडमकडं एकच जागा उरलेली.’ तिने हनुवटी पुसली आणि विचारलं, ‘मी करू?’

‘नाय! तू नाय करायचा.’ हे जरा मोठ्यानेच आलं. ‘मी ठेवलाय, आणि तू जाऊन धरतेस? मग माझं काय र्‍हायलं?’

ह्यावर भाविकाने वाद घालायला हवा होता. पाय आपटायला हवे होते, पप्पा येऊ देत म्हणायला हवं होतं, म्हणजे संध्यालाही पुढचं काहीतरी बोलता आलं असतं. पण ती म्हणाली, ‘बरं. तू करशील बरोबर,’ आणि कैरीची कोय कावळ्यांकडे फेकून आत गेली, आणि आतून भांडी घासल्याचा आणि गुणगुणण्याचा आवाज यायला लागला. तू करशील बरोबर! एवढा विश्वास माणसाच्या अंगावर कोणी टाकतं का? ह्यापेक्षा रडली असती तर परवडलं असतं.

परत जायचं नाही. हे तिच्या आईने तिला पाटी डोक्यावर द्यायच्या आधी शिकवलं होतं. उठलीस तर उठलीस. हाक आली नाही तर रिकाम्या हाताने घरी ये, पण परत फिरू नकोस. परत आलेल्या गिऱ्हाइकाला भाव वाढवून सांगतात, आणि वर आजूबाजूच्या साऱ्याजणी ओरडतात, ‘आली गो, परत आली!’ आणि हसतात. संध्याही हसली होती कितीदा. दापोलीची एक मास्तरीण एकदा हलवा मासळीसाठी अशी परत आली होती, मान खाली घालून, कोणाकडे न बघता, आणि सगळ्या पुळणीने तिला हसून घेतलं होतं... तिच्या घरी त्या दिवशी काय असेल? पाहुणे असतील? पोराने हट्ट धरला असेल? तेव्हा हे डोक्यातच आलं नाही. तेव्हा एवढंच दिसलं की बाई कच्ची.

लिलावाला ती गेली ती फोन कमरेला न खोचता हातात धरून. पुळणीवर माणसं जमत होती, बर्फ फुटत होता, रिकाम्या पाट्या एकमेकींवर आपटत होत्या. होड्या अजून नव्हत्या; किल्ल्याच्या पलीकडे नुसतं पाणी, उन्हात डोळे दिपवणारं. शेजारी येसूबाई येऊन बसली, जी तिच्यापेक्षा वीस पावसाळे मोठी होती आणि लिलावात तिची पक्की वैरीण होती आणि लिलाव उठल्यावर तिच्याच डब्यातलं पान खायची. संध्याने तिच्याकडे बघितलं नाही. ती वर बघत होती.

घारी आल्या होत्या. खरंच की. रोज असतात, म्हणजे असतीलच, पण आजवर मी त्या बघितल्याच नव्हत्या, पदर डोक्यावर घेऊन मासा सांभाळायचा तेवढाच त्यांच्याशी संबंध — आता बघते तर बर्फाच्या गोदामाच्या पत्र्यावर एक, माडावर दोन, ती विटकरी अंगाची आणि पांढऱ्या डोक्याची दिव्याच्या खांबावर, एकटी, आणि साऱ्यांची तोंडं समुद्राकडे. आणि समुद्रात काहीही नाही! इंजिनाचा आवाज नाही, डोलकाठी नाही, काही नाही. मग कशावरून? ऊन उतरतं त्यावरून? आम्हा बायकांवरून? आम्हाला बघून त्या येतात, की त्या आल्या म्हणून आम्हाला वाटतं की वेळ झाली? आणि थोड्या दिवसांत होड्या वर ओढतील, शाकारतील, ही पुळण रिकामी होईल, आणि त्या संध्याकाळी ही खांबावरची अशीच येऊन बसेल, अशीच तोंड करून... तिला कोण सांगेल? दुसऱ्या दिवशी येईल? तिसऱ्या? पाऊस लागला तरी? एखादी तर असेलच की, जी बाकीच्या सगळ्या सोडून गेल्यावरही—

होड्या आल्या, लिलाव सुरू झाला, पुकारा चढला, समोर सुरमईचा ढीग पडला, संध्याला हवा तसाच, रोज ती ज्याच्यासाठी भांडायची तसाच, आणि ती मान वर करून मोजत होती, आता किती आहेत, होड्या लागायच्या आधी किती होत्या, आणि आकडा पुन्हा पुन्हा चुकत होता कारण त्या मेल्या एका जागी बसत नव्हत्या. सुरमई येसूबाईला गेली. निम्म्या भावातच गेली, समोर कोणी बोललंच नाही.

‘काय गो संध्ये,’ येसूबाईने तिला कोपराने ढोसलं, ‘आभाळात सुरमई दिसली काय तुला?’

‘येसूआत्ये, ह्या घारी पावसात खंय जातात?’

‘मना काय ठावक! माझ्या घरी तर नाय येत.’ येसूबाईने कपाळावर हात मारला, पण मारता मारता तिचीही मान वर गेली. ‘जातात खंय पण?’ ती म्हणाली, आणि सुरमईवरचा हात तसाच ठेवून बघत राहिली.

आणि तेव्हा संध्याला ते आलं, छातीतून वर, भरतीचं पाणी खाडीत शिरतं तसं आवाज न करता आणि एकदम सगळीकडे: मला हे हवंय. पोरीला हवंय म्हणून नाही, म्हणजे पोरीला हवंय म्हणून आहेच, पण मला, मला स्वतःला हवंय, मला कळायला हवंय की ती खांबावरची किती दिवस येते. कपाट हवं होतं, पण ते मिळालं नसतं तर दुसरं होतं. मिक्सर दुसऱ्या दुकानात होता. जे सोडून घरी जाता येतं त्याच्याकडेच पाठ फिरवता येते, आणि हे काही मला सोडता यायचं नाही. हे कळलं आणि तिला एवढा आनंद झाला की ती वाळूत बसल्या बसल्या हसली, कारण किती वर्षांत तिला असं काही हवंसं वाटलंच नव्हतं, सगळं कसं, मिळालं तर बरं, नाही तर राहिलं.

सूर्य किल्ल्याच्या भिंतीला टेकला होता. दिवे अजून लागले नव्हते. निदान इथले तरी. तिकडे मॅडमच्या पुण्यात कदाचित लागले असतील, जागा कदाचित गेली असेल, दुसऱ्या कोणाच्या पोराने सांगितलेल्या फीला मुकाट घेतली असेल. ती उठली. लिलाव अर्ध्यावर, पाटी रिकामी, मागे पुकारा चढलेला.

‘अगो कोळंबी यायचीय अजून!’ येसूबाई ओरडली. ‘चाललीस खंय पाठ फिरवून?’

‘पाठ नाय फिरवत,’ संध्या म्हणाली, पण ते आवाजात बुडून गेलं.

पाण्याच्या कडेला, जिथे जरा शांत होतं, तिने नंबर लावला. पलीकडे घंटी वाजू लागली. लाज वाटेल असं तिला वाटलं होतं, पण ती लाज नव्हती; जत्रेत पाळणा वर जायला लागतो तेव्हा वाटतं ते होतं. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. भाव काय बोलायचा तेही नाही. जास्त सांगितले तर? सांगू देत. हसल्या तर? हसू देत, साऱ्या पुळणीने हसावं. घंटी वाजत होती, वाजत होती, आणि मग पलीकडून आवाज आला, जरा दमलेला, ‘हॅलो, कोण बोलतंय?’

‘मॅडम, मी हर्णैची संध्या. भाविकाची आई,’ ती म्हणाली, आणि लिलावाच्या गलक्यावरून ऐकू जावं म्हणून, मान वर करून, जेवढ्या मोठ्याने तिला ओरडता येत होतं तेवढ्या मोठ्याने म्हणाली, ‘मी परत आले!’